दाराआडचा होकार

८ फेब्रुवारी

सुकटीवरून आज परत तमाशा. आईंनी तव्यावर सुकट टाकली, वास जिन्यात उतरला, तसे बाळा सावंत दुसऱ्या मजल्यावरून धापा टाकत वर आले. सोसायटीचे सेक्रेटरी. जग बुडालं तरी सेक्रेटरीपण सुटत नाही.

"काकी, वास खाली रस्त्यापर्यंत जाता!"

"जावंदे. त्या मेल्यांका पण कळांदे, मालवणी घरात काय रांदतत ता."

माझ्या सासूबाईंपुढे बोलण्यात कोणी टिकत नाही. सत्तरी कधीच ओलांडली, दात गेले, तोंड मात्र शाबूत आहे.

वासाचं पाहुण्यांना काही नाही, आवाजाचं आहे. फाटकाबाहेर दिवसभर घुटमळतात आणि कुठे भांडं पडलं की सगळी तोंडं एकदम तिकडे. पाहुणे हे नाव दीपकने पाडलं. "न बोलावता येतात आणि जायचं नाव घेत नाहीत, मग दुसरं काय म्हणू?" मेलेले म्हणायला जीभ वळत नाही. त्यांच्यात आपला इस्त्रीवाला आहे, समोरच्या बिल्डिंगच्या जोशीबाई आहेत. जोशीबाईंच्या ब्लाउजला हुक मीच लावून दिले होते. अजून तोच घातलाय.

दी. ने बंद लिफ्टचे लोखंडी दरवाजे सोडवून फाटकाला आतून बांधले. लिफ्ट-मेकॅनिकशी लग्न केल्याचा हा पहिला फायदा.

९ फेब्रुवारी

मानखुर्दला माझ्या आईचा फोन लागत नाही. आता माझाच फोन बंद पडला. म्हणजे लागत नाही असंही म्हणता येणार नाही.

बिल्डिंगमध्ये तीनच घरं उरली. आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्यावर बा. सा. एकटे, पहिल्यावर रेश्मा आणि नितीन. बाकीचे गावाला निघाले. पोचले का, देव जाणे. समोरच्या ब्लॉकमधले शहाआजोबा जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले. झाडांना पाणी घाल म्हणाले. घालते.

११ फेब्रुवारी

तांदूळ तळाला गेला. कोपऱ्यावरच्या वाण्याचं शटर अजून शाबूत आहे. उद्या भर दुपारी दी. आणि नितीन जाणार. उन्हात पाहुणे सावली धरून बसतात, तेवढीच संधी. मागचं छोटं फाटक बा. सा. सांभाळणार.

बा. सा. म्हणाले, निघायच्या आधी गाऱ्हाणं घालू या, पण हळू.

मी घाटावरची. लग्न होऊन मुलुंडला आले आणि ह्या "रवळनाथ कृपा" मध्ये पहिल्यांदा गाऱ्हाणं ऐकलं तेव्हा पदर तोंडात कोंबून हसले होते. एक जण देवासमोर उभा राहून सगळ्या बिल्डिंगच्या तक्रारी आणि मागण्या खडसावून सांगतो आणि प्रत्येक मागणीला बाकीचे एका दमात ओरडतात, व्हय म्हाराजा! गणपतीत, पूजेला, पाण्याची नवीन टाकी बसली तेव्हासुद्धा. सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा. रस्त्यावरचे रिक्षावाले वर बघायचे. मी म्हणायचे, देव बहिरा आहे का रे? तो म्हणायचा, देव नाही गं, पण मध्ये मुंबई आहे.

१२ फेब्रुवारी

हळू ठरलं होतं. हळूच ठरलं होतं.

नितीन गेला. दी. परत आला पण

नंतर लिहिते.

१३ फेब्रुवारी

लिहून टाकते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

जिन्याखाली सगळे उभे होतो. बा. सां.नी अगदी कुजबुजत सुरू केलं. बा रवळनाथा म्हाराजा, तुझी ही लेकरा आज पोटासाठी भायर पडतत, तेंका सुखरूप घरी आण रे म्हाराजा. आणि आम्ही सगळे ओरडलो. पूर्ण आवाजात. जिना दणाणला. कोणी ठरवून नाही ओरडलं, तोंडातून निघून गेलं. दी. चा आवाज सगळ्यांच्या वर. आणि माझाही होता त्यात. इतकी वर्षं ज्याला हसत आले तेच माझ्याही तोंडून निघालं.

मग एकमेकांकडे बघतोय. फाटकावर काही हालचाल नाही. नितीनला हसू आलं, मग आम्हा सगळ्यांनाच. सुटलो, असं वाटलं. ते दोघं बाहेर पडले.

पाहुणे यायला वेळ लागतो, एवढंच. गल्लीगल्लीतून निघाले आणि हे दोघं पोतं घेऊन परत येईपर्यंत मागच्या फाटकासमोर भरले. नितीन पुढे होता. रेश्मा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी होती, तिने सगळं पाहिलं. दी. पोत्यासकट आत आला. कोपराच्या वर चावा.

वर आला तेव्हा पाय धुऊन आला. सवय. म्हणाला, "सुजा, शहाआजोबांची किल्ली दे." दिली. तो आत गेला. "बाहेरून कडी घाल. सेफ्टी डोअरला पण कुलूप लाव. आईला सांग मला झोप लागलीय."

मी कडी घातली. माझ्या हातांनी.

१५ फेब्रुवारी

दाराला पाठ लावून बसते. तो आतून लावून बसतो. मध्ये दीड इंच सागवान.

"ताप चढतोय गं."

"पाणी पी."

"पितोय. लाइट आली की लिफ्टच्या मोटरला ग्रीस मार. डबा माळ्यावर आहे."

"लाइट कधी यायची?"

"येईल. वायरमन पाहुणा झाला नसेल तर."

मग म्हणाला, "नितीन माझ्यामुळे गेला ना?" मी म्हटलं, सगळेच ओरडलो रे. "माझा आवाज मोठा," म्हणाला.

मला रडायला येतं ते तोंडात ओढणी कोंबून रडावं लागतं. हे तरी नीट करू द्या.

१७ फेब्रुवारी

आज बोलला नाही. चालतोय. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पाय फरपटत. मी हाक मारली की दारापाशी येतो आणि दारावर अंग टाकतो. म्हणजे मी हाक मारायची नाही.

आई विचारतात, "उठलो काय?" मी म्हणते, झोपलाय.

"किती झोपता ह्यो," म्हणाल्या. त्यांना सगळं कळतंय.

२० फेब्रुवारी

जिन्यात मीटिंग. कुजबुजत.

बा. सा. वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवते, कारण आज मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. म्हणाले, "सुजाता, समजून घे. दार लाकडी आहे. एक दिवस फुटेल. दीपकला मी लहानपणापासून बघितलाय, मला काय हौस आहे?" त्यांच्या हातात लोखंडी सळई होती.

मी म्हटलं, आधी मला मारा.

रेश्मा त्या दिवसापासून बोललेली नव्हती. आज बोलली. "माझ्या नवऱ्याला गल्लीत टाकून आलात. ह्याला मात्र टू-रूम-किचन."

त्याच पोत्यातला भात आम्ही सगळे खातोय. तीही खाते. मी वाढते, ती मान वर न करता खाते.

ठरलं असं की दार हललं तर बा. सा. जे करतील ते करतील. मी मधे यायचं नाही. मी हो म्हटलं. खोटंच.

२३ फेब्रुवारी

आई पेजेची वाटी समोरच्या उंबऱ्यावर ठेवतात आणि तिथेच बसतात. पेज तो खात नाही, दार उघडत नाही, मग खाणार कसा. संध्याकाळी मुंग्या काढून मी ती पिते. तांदूळ वाया घालवायचे दिवस नाहीत.

आज त्या पुटपुटत होत्या. जवळ जाऊन ऐकलं तर गाऱ्हाणं. एकट्याच. इतकं हळू की मलाही नीट ऐकू येईना.

"आई, पुरे करा आता! त्या गाऱ्हाण्यानेच झालं ना सगळं."

"गाऱ्हाण्यान नाय गो. ओरडण्यान झाला. देवाक हळू सांगला तरी कळता, तो गप ऐकता."

मी चिडून आत आले. भांडी घासायची तर पाणी नाही, मग चिडून करायचं काय. नुसती बसले.

२६ फेब्रुवारी



दुपारी आई बसल्या होत्या समोर, मी आमच्या दारात तांदूळ निवडत. त्या लेकासाठी मागत होत्या, "माझ्या झिलाक ह्या इघ्नातसून सोडव रे म्हाराजा."

आणि आतून आवाज आला. घोगरा, तुटका, जशी रात्रभर आरत्या म्हणून घसा बसावा. पण चाल तीच. ओढून म्हटलेला व्हय, आणि मग म्हाराजा. शेवटचा जा अर्धाच.

आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस?" जणू काही तो रोजच बोलतो.

पाहुणे बोलत नाहीत. एकही नाही. आजवर कोणी बोललेला नाही. बा. सा. सुद्धा हे मान्य करतात.

२७ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला, सकाळी खात्री करून घ्यायची ठरवली. मी सहजासहजी विश्वास ठेवणारी बाई नाही.

आधी त्याच चालीत भाज्यांचे भाव म्हटले. काही नाही. मग शुभंकरोती. काही नाही, नुसते फरपटणारे पाय. मग आईंना म्हटलं, तुम्ही गाऱ्हाणं घाला आणि शेवटच्या शब्दाआधी थांबा. त्या थांबल्या. आतले पाय थांबले. तोही थांबला! दाराच्या आड वाट बघत उभा. आईंनी "रे म्हाराजा" म्हटलं आणि आतून लगेच, व्हय म्हाराजा.

मी आईंच्या गळ्यात पडले. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांना ते आवडलं की नाही कळलं नाही, पाठीवर दोन थापट्या मारल्या त्यांनी.

२८ फेब्रुवारी

पास्कल आला! दर रविवारी खाडीतल्या चिंबोऱ्या घेऊन बिल्डिंगमध्ये येणारा पास्कल. हायवेखालच्या नाल्यातून, गुडघाभर चिखल तुडवत. आईंनी त्याला बघितलं आणि पहिला प्रश्न, "चिंबोरे हाडलंस?"

घारापुरीला माणसं आहेत म्हणाला. बेटावर पाहुणे नाहीत, पाणी आहे. आज त्याच्या होडीत भांडुपची बायकामुलं भरली होती, जागा नव्हती. फक्त सांगायला आला होता.

"ताई, उधाणाच्या भरतीलाच होडी नाल्यात शिरते. एरवी नुसता चिखल. आता पुनवेला, दुपारच्या भरतीला येतो. मग नाय येणार. डिझेल तेवढंच आहे, खोटं कशाला बोलू."

मी विचारलं, आजारी माणूस नेशील का? त्याने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या कुलपाकडे. त्याने क्रूस काढला छातीवर. "ताई, होडीत पोरं असतात."

२ मार्च

बा. सा. आज वर आले. होकाराबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, मला ऐकायचंय. आईंशेजारी उकिडवे बसले आणि स्वतःच घातलं. सुरुवात नेहमीसारखी. आतून होकार. बा. सां.चे डोळे भरले, ते मी पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि त्याच चालीत म्हणाले, "ह्या बिल्डिंगीक आग लागांदे, ह्या घराचो सत्यानाश होवंदे रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा.

तोच आवाज. तसाच, ठेक्यात.

बा. सा. उठले. "कोंबडीची मान कापली तरी पाय हलतात, सुजाता. तो दीपक नाही. ती सवय आहे." मग जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभे राहिले बराच वेळ. त्यांना जिंकल्याचा आनंद नव्हता.

मला मरावंसं वाटलं. त्यापेक्षा त्या दिवशी काहीच ऐकू आलं नसतं तर बरं होतं.

३ मार्च

आई आज हसत होत्या. पोटात काही नाही आणि हसताहेत.

"बाळान कित्याक ढोंग केल्यान? माका विचारूचा होता. माझो झिल कधी ऐकता काय मागतत ता? ल्हान होतो तेव्हापासून तसोच. ह्येका नुसता ओरडूक व्हया. एकदा भटजी बोललो दक्षिणा दुप्पट द्या, तरी ह्यो व्हय म्हाराजा!"

मलाही हसू फुटलं. खरं आहे. दी. ने आयुष्यात कधी मागणी ऐकली नाही. मग तो सवयीने ओरडला तर त्याच्यात आणि आधीच्या दीपकमध्ये फरक काय राहिला? पण हे मनाचं समाधान आहे, हेही कळतं मला.

६ मार्च

आईंना उठवत नाही. ताप नाही, चावा नाही, मी सगळं अंग बघितलं. नुसत्या वाळत चालल्यात. स्वतःची पेज उंबऱ्यावर ठेवत होत्या हे आज कळलं. मी रोज संध्याकाळी जी प्यायले ती त्यांची होती.

चिडले. खूप बोलले त्यांना. गप्प ऐकून घेतलं त्यांनी, ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

८ मार्च

दुपारी आई गेल्या.

माझा हात धरला होता. म्हणाल्या, "आता तू घाल गो."

"मला मालवणी येत नाही आई."

"इतकी वर्सा माझ्या घरात आसस, मेले, शिकलंस काय मग?"

हे शेवटचं. मूल नाही म्हणून कधी बोलल्या असतील, माशाच्या सारात कोकम कमी म्हणून रोज बोलल्या. आज घरात कोणी बोलायला नाही.

९ मार्च

कंपाउंडमध्ये कडीपत्त्याखाली पुरलं. जाळायची सोय नाही. फावडं दगडावर वाजेल म्हणून कालथ्याने आणि हातांनी उकरलं. बा. सा. दमून बसले. मग रेश्मा आली. न बोलता माझ्या समोर बसली आणि उकरायला लागली, नखं तुटेपर्यंत. फाटकाच्या पलीकडे पाहुणे उभे होते, पाठ करून.

आईंना ठेवताना ती म्हणाली, "नितीनला त्या वड्या आवडायच्या ह्यांच्या. कोथिंबिरीच्या."

तेवढंच. मी तिचा मातीचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.

१० मार्च

काल आणि आज मी समोर बसले नाही. आतले पाय दाराशी येऊन उभे राहतात, दुपारी, आई बसायच्या त्या वेळेला. दाराखालच्या फटीतून दिसतात, दोन काळ्या सावल्या. वाट बघतो. मग जातात.

आई गेल्याचं त्याला सांगायचं कसं? कोण सांगतो अशा गोष्टी दाराला?

११ मार्च

घातलं. माझ्या भयाण मालवणीत. "बा रवळनाथा म्हाराजा, तुझ्या पायाशी ही घाटावरची बाय बसली हा, तिचा काय चुकला तर पोटात घाल रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा.

मागे वळले तर जिन्यात रेश्मा. कधीची उभी होती माहीत नाही. तोंड पांढरं.

"ओरडता येतं अजून त्याला," म्हणाली. मग खाली बसली, माझ्या शेजारी, गुडघ्यात डोकं घालून. "माझ्याला कुठे शोधू मी? कुठल्या दाराशी बसू? तो त्या फाटकाबाहेर आहे ना, पाठमोरा, निळ्या शर्टात. मी रोज बघते."

निळा शर्ट मलाही माहीत होता. मी कधी बोलले नव्हते.

रेश्माने रडून घेतलं. मी तिला ओढणी दिली तोंडात धरायला.

१३ मार्च

कॅलेंडरात पुनव आज लागून उद्या दुपारपर्यंत आहे, म्हणजे पास्कल उद्या. बा. सां.नी पाण्याच्या बाटल्या भरल्या. तांदूळ संपला, सुकट मूठभर आहे ती बांधून घेतली. टाकीत पाणी तळाला. इथे राहून कोणी जगणार नाही, हे सांगायला सेक्रेटरी लागत नाही.

रेश्मा म्हणाली, "वहिनी, चल ना. मी पण सोडूनच जातेय ना." आवाजात राग नव्हता. त्यामुळे जड गेलं.

मी म्हटलं, येते.

बॅग भरली. दी. चा एक शर्ट, आईंची जपमाळ, शिलाईची कात्री. मी येते म्हटलं ते खरंच म्हटलं.

होळी आहे आज. दरवर्षी खाली चौकात बोंब मारायला माझा नवरा सगळ्यात पुढे. आज आख्ख्या मुलुंडात कुठे धूर नाही.

१४ मार्च

बा. सा. आणि रेश्मा खाली उतरले. कडीपत्त्याची सावली बुंध्याशी गोळा झाली की भरती भरली, तोपर्यंत रेश्मा मागच्या फाटकाशी थांबणार. बॅग माझ्या शेजारी. किल्ली ब्लाउजमध्ये. समोरच्या पायरीवर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

निरोप घ्यायला बसले. दुसरा कसा घेणार? त्याला एकच भाषा कळते आता.

फटीत पायांच्या सावल्या आल्या.

बा रवळनाथा म्हाराजा, आमची आवस गेली, तिका तुझ्या पायाशी जागा दी रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा. हळू. इतका हळू तो कधी म्हणत नाही.

नितीनाक सोडव रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा.

मग म्हटलं. पाठ करून ठेवलं होतं काल. आता ह्या सुजाताक ह्या घरातसून सुखरूप जावंदे. ह्यो दरवाजो बंदच ऱ्हवांदे, आणि तिच्या घोवाक हय एकट्याक ऱ्हवांदे रे म्हाराजा.

काही नाही.

वाटलं, गेला दारापासून. वाकून बघितलं. सावल्या तिथेच. हललेल्या नाहीत.

परत म्हटलं, शब्दाला शब्द. गप्प.

घसा गेला असेल. संपला असेल. मग मी म्हटलं, बिल्डिंगीत लाइट येवंदे रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा. लगेच. घोगरा, ठेक्यात.

सुजाताक जावंदे रे म्हाराजा.

गप्प.

आगीला हो म्हणणारा माणूस. भटजीच्या दुप्पट दक्षिणेला हो म्हणणारा. आयुष्यात ज्याने एकदाही मागणी ऐकली नाही, तो आज ऐकतोय. मी चार वेळा विचारलं. चारही वेळा गप्प. मधे पाण्याचं विचारलं तर हो, पावसाचं विचारलं तर हो.

दीपक, नालायका, एवढी वर्षं कुठे होतं हे ऐकणं?

दाराच्या पलीकडून पाठ टेकल्यासारखा आवाज आला. मीही टेकलेय. रेश्मा खालून हलक्या आवाजात हाक मारतेय, वहिनी, वहिनी. खिडकीतून कडीपत्ता दिसतो. सावली अजून जराशी बुंध्याबाहेर आहे.